पास झालेल्या काकीचं भेव

आमच्या गावच्या पानठेल्यावर एक गोष्ट पक्की ठरलेली होती. रहांगडाल्यांच्या दुर्गेश्वरीकाकीचं कम्प्युटरचं सर्टिफिकेट विकत घेतलेलं आहे. "गोंदियाले भेटतेत असे कागद," एकजण सांगायचा. "नाव सांगा, फोटू द्या, चहा पिऊन या. तवरिक लॅमिनेशन होऊन रायते." दुसरा त्याच्याही पुढं जायचा. त्याच्या मते तो कागद काकीचा नव्हताच, तिच्या बहिणीचा होता. काकीला बहीण नाही, असं कोणी म्हटलं की तो जरा थांबायचा, थुंकायचा आणि म्हणायचा, "मंग चुलत असन."

हे सगळं खोटं. कागद खरा आहे, आणि काकीची पंचाईतही तीच होती. खोट्या कागदाचा माणूस निर्धास्त असतो. आपल्याला काय येत नाही, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. काकीला एकेकाळी सगळं येत होतं. त्यातलं आता किती उरलंय हे तिचं तिलाच माहीत नव्हतं, आणि आत डोकावून पाहायचीही हिंमत नव्हती. लोक कागदावर शंका घ्यायचे, ती स्वतःवर.

काकी मूळची नागऱ्याची. बारावी झाल्यावर रोज सायकल मारत गोंदियाला जायची. तिथं बाजारात एका साडीच्या दुकानाच्या माडीवर हार्डवेअर-नेटवर्किंगचा क्लास होता. शिकवायला ठाकूर सर. ठाकूर सरांची हिंदी गोंदियाची, म्हणजे अर्धी दुकानातली आणि अर्धी दटावणीची. "बेटा, मशीन बंद पडे तो हाथ जेब में. जेब नहीं है तो पीठ पीछे. पहले पूछने का, क्या बदला? सब बोलेंगे, कुछ नहीं बदला. मानने का नहीं!" आणि मशीन टीं टीं ओरडायला लागली की सर खूश व्हायचे. "चिल्ला रही है ना? मतलब जिंदा है. जो चुप है उससे डरो."

काकीनं परीक्षा पहिल्या झटक्यात काढली. नागऱ्याच्या महादेवापुढं नारळ फोडला आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. सासर आमचं गाव, चोरखमारा तलावाच्या नहराखालचं. आंदणात भांडी आली, कपाट आलं आणि लॅमिनेशन केलेला तो कागद आला. सासूनं, म्हणजे सुमित्राबाईनं, तो समोरच्या खोलीत कॅलेंडरच्या शेजारी टांगला आणि येईल त्याला दाखवायला सुरुवात केली. पाहुण्यांना, बांगड्या भरणाऱ्या बाईला, मीटर पाहायला आलेल्या लाइनमनला. "मायी सून काम्पुटर पास हाये. पुरा काम्पुटर हो, अर्धा नाही!"

आत चुलीपाशी काकीचे हात थांबायचे. आता कोणीतरी काहीतरी विचारणार.

पहिल्या वर्षी ती धानाच्या रोवण्याला गेली तेव्हा सगळं पाठ होतं. चिखलात वाकून, मागं मागं सरकत, एकेका रोपाला ती नेटच्या तारेचे रंग म्हणायची. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा. शेजारच्या बायांना वाटायचं मंत्र म्हणते. दुसऱ्या वर्षी निळ्याच्या पुढं काय येतं ते आठवेना. तिनं बांधीच्या मधोमध उभं राहून आठवून पाहिलं, तर मागून हाक आली, "काय व, कंबर धरली काय?" ती पुन्हा वाकली. मग बाळंतपण आलं, म्हशी आल्या, सासऱ्यांचं दुखणं आलं. निळ्याच्या पुढचे रंग आलेच नाहीत. प्रिंटरचे प्रकार गेले, आकडे तर सगळ्यात आधी गेले. एक दिवस काकी त्या कागदासमोर उभी राहिली आणि खालची इंग्रजी ओळ कशाबद्दल आहे तेच तिला कळेना. तिनं फडकं घेतलं, कागदावरची धूळ पुसली आणि कोणाला काही सांगितलं नाही.

लोक मोबाइल घेऊन यायचेच. काकी फोन हातात घेऊन गंभीर चेहरा करायची आणि म्हणायची, "बंद करून चालू करा." दहातले आठ फोन तेवढ्यानं सुधारायचे. उरलेले दोन घेऊन माणूस निघाला की काकी पाठीमागून म्हणायची, "बॅटरी जुनी हाये." असं तिचं नाव होत गेलं. नाव जितकं वाढलं, तितकं भेव वाढलं.

यंदा धान खरेदी केंद्रावरचा ऑपरेटर रायपूरला नोकरी लागून गेला. सोसायटीचे अध्यक्ष ईश्वरदासभाऊ स्वतः घरी आले. त्यांना दर दोन शब्दांमागं घसा खाकरायची सवय; मी काकीच्या शेजारची, त्यांचा आवाज हुबेहूब काढते, काकीचाही. "आमाले... हं... कोणी जाणतं मानूस... हं... पायजे होतं." सुमित्राबाईनं भिंतीकडं बोट दाखवलं. काकी बाहेर येईपर्यंत तिचं "हो" सासूनं देऊन टाकलं होतं.

"हा हंगाम पाहू," ईश्वरदासभाऊ म्हणाले. "जमलं तं... हं... पक्कं."

काकीला नाही म्हणायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी तिनं ती खुर्ची पाहिली. चाकाची, वर पंखा. काकीच्या पायाच्या बोटांत दर पावसाळ्यात चिखल्या होतात, रात्रभर खाजवतात. त्या खुर्चीत बसून तिनं चपला काढल्या आणि कोरड्या फरशीवर पाय ठेवले. नाही म्हणणं तिथंच संपलं. पुढच्या हंगामाला चिखलात उतरायचं की या फरशीवर बसायचं, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्या एका मशीनच्या हातात होतं.

काम तिला लवकर जमलं. शेतकरी यायचा, धान मोजून व्हायचं, काकी त्याचा फोटो काढून ऑनलाइन नोंद टाकायची. ईश्वरदासभाऊ खूश असले की तिला "मॅडम" म्हणायचे, चिडले की "सूनबाई". दिवाळीनंतर सगळे दिवस मॅडमचे गेले. तरी रोज सकाळी मशीन सुरू होताना जी घरघर व्हायची, त्या घरघरीत काकी श्वास धरून बसायची.

आणि एक दिवस नेट गेलं.

मशीन चालू होती, नोंद जात नव्हती. कोपऱ्यात लाल फुली. बाहेर ओसरीवर धानाची पोती, पोत्यांवर माणसं. काकीनं बंद करून चालू केलं. फुली तिथंच. पुन्हा केलं. फुली तिथंच.

"मॅडम," ईश्वरदासभाऊ आत आले, "काय झालं... हं?"

"पाहून रायली ना, भाऊ."

"पाहा पाहा. दुपारवरी... हं... पाहतो मी. नाही झालं तं तिरोड्याचा थो कम्प्युटरवाला पोट्टा बोलवतो. अन् थो आला का मंग थोच बसन. हंगामात दोन दोन मानसं... हं... मले नाही परवडत."

तेवढं बोलून ते बाहेर जाऊन उभे राहिले.

काकीनं नेटच्या डबीवर लिहिलेल्या नंबरला फोन लावला. गाणं वाजलं, मग एक मुलगी बोलली, इतकी गोड की जणू तिला कोणी पाकात बुडवून ठेवलं होतं. "नमस्कार! आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मॅडम, आपल्या उपकरणावरील कोणता दिवा बंद आहे, हे कृपया सांगू शकाल का?"

"एक बंद हाये. बाकीचे सुरू हायेत."

"त्या दिव्याखाली काय लिहिलेलं आहे, मॅडम?"

काकीनं पाहिलं. दसऱ्याला सगळ्या मशिनींची पूजा झाली होती आणि डबीला हळद-कुंकवाची बोटं अशी मनापासून लागली होती की दिवाही जवळजवळ झाकला होता, त्याखालची अक्षरं तर दिसतच नव्हती.

"कुंकू हाये."

"माफ करा, मॅडम?"

"कुंकू. दिव्याखाली कुंकू हाये."

"कृपया लाइनवर राहा," मुलगी म्हणाली, आणि पुन्हा गाणं सुरू झालं. काकी गाणं ऐकत राहिली. मग तेही तुटलं.

तोपर्यंत दारात गर्दी झाली होती. "खोला ना व त्याले!" कोणीतरी म्हणालं. "खोलल्याबिगर कसा दुरुस्त होईन?" "हो ना, आमची मोटर खोलावंच लागते." तेवढ्यात सुमित्राबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या. त्यांनी गर्दी पाहिली, आणि घाबरायच्या जागी त्यांचा चेहरा फुलला. त्या एका पोत्यावर ऐसपैस बसल्या. "सरका, दिसू द्या सगळ्यायले. आता मायी सून करते."

सरांच्या सांगण्याप्रमाणे काकीला हात पाठीमागं ठेवायचे होते, पण इतक्या डोळ्यांसमोर हात पाठीमागं ठेवून कसं उभं राहायचं? तिनं पेचकस घेतला आणि मशीनचा डबा उघडला.

आतून धानाचा कोंडा निघाला. हंगामाहंगामाचा, थर बसलेला. काकीनं फुंकर मारली आणि सगळी ओसरी शिंकायला लागली. आत हिरवी पाटी, तारा, चौकोन. एकही नाव आठवत नव्हतं. एक लांब पट्टी तेवढी ओळखीची वाटली. रॅम. ही काढून खोडरबरानं घासायची, हे हातांना आठवलं. कशासाठी, ते डोक्याला आठवलं नाही. तरी तिनं पट्टी काढली, घासली, लावली आणि बटण दाबलं.

पडदा काळा. आणि मशीन ओरडायला लागली. टीं. टीं. टीं.

"सूनबाई!" ईश्वरदासभाऊंनी घसासुद्धा खाकरला नाही. "हे काऊन बोंबलून रायलं?"

आधी फक्त नेट नव्हतं, आता मशीनही गेली. ईश्वरदासभाऊंना खिशातून मोबाइल काढताना काकीनं पाहिलं. बाहेर कोणीतरी हळूच म्हणालं, "टेसनावर गाडी आली काय?" आणि कोणीतरी हसलं. सुमित्राबाई मात्र मान डोलवत होत्या, जणू हे ओरडणं कामाचाच भाग आहे.

चिल्ला रही है ना? मतलब जिंदा है.

सरांचा आवाज असा आला की काकीनं मागं वळून पाहिलं. मग तिनं दोन्ही अंगठे त्या पट्टीवर ठेवले आणि दाबले. काहीच नाही. आणखी दाबले. मोडली तर मोडली. कट्ट आवाज झाला, एका टोकाला, मग दुसऱ्या. बटण. ओरडणं थांबलं, पडदा उजळला. कोपऱ्यात लाल फुली होतीच.

"पाणी पिऊन येतो," काकी म्हणाली आणि माणसांतून वाट काढत बाहेर पळाली.

बोअरिंगपाशी तिनं तोंडावर पाणी मारलं. घरी जावं, असं तिला वाटलं. सरळ शेतातून, मागच्या दारानं. सासू तिथं पोत्यावर बसली आहे, हे आठवलं म्हणून ती गेली नाही. आठव, ती स्वतःला म्हणाली. काहीतरी आठव. आकडे नाहीत, नावं नाहीत, रंग निळ्यापाशी अडकलेले. आठवला तो फक्त सरांचा दटावणीचा आवाज. पहले पूछने का.

ओसरीच्या कोपऱ्यात चैतराम बसला होता. केंद्राचा म्हातारा चौकीदार, पहाटेची झाडलोटही त्याच्याकडंच.

"चैतरामबाबा, कालपासून इथं काय बदललं?"

"काईच नाही व मॅडमबाई. काय बदलन?"

"कोणी काही हलवलं?"

"नाही."

"नवीन काही ठेवलं?"

"नाही म्हणतो ना. मी रातदिन इथंच रायतो."

मानने का नहीं. काकी आत गेली. टेबलामागची नेटची तार तिनं दोन बोटांत धरली आणि तिच्यामागं चालायला लागली. तार खिडकीतून बाहेर आली होती, ओसरीच्या आढ्याखालून शेजारच्या ग्रामपंचायतीच्या डबीकडं गेली होती. काकीमागं ईश्वरदासभाऊ, त्यांच्यामागं सुमित्राबाई, आणि त्यांच्यामागं सगळे शिंकणारे. दहा पावलांत वरात झाली.

ओसरीच्या टोकाला तारेवर धानाच्या लोंब्यांची झालर लोंबत होती. ताजी, सुरेख विणलेली, चिमण्यांसाठी घरोघरी दारात बांधतात तशी.

"हे कवाचं?" काकीनं विचारलं.

"हे तं झालर व्हय," चैतराम म्हणाला. "पहिल्या धानाची. दरसाल बांधतो."

"दरसाल कुठं?"

"दाराच्या चौकटीले."

"मंग औंदा इथं कायले?"

चैतरामनं तिच्याकडं असं पाहिलं, जणू तीच खुळी. "तुमीच सगळे म्हनता ना, पैसा ह्या तारेतून येते म्हनून. मंग लक्ष्मी कुठं हाये? चौकटीत, का तारेत? पहिलं धान तिलेच द्याव लागते."

काकीनं स्टूल मागवलं आणि वर चढली. झालर अर्धी खाल्लेली होती. चिमण्यांनी असं खाल्लं नसतं. आढ्यावरून एक खार तिच्याकडं पाहत होती, शेपूट उडवत. लोंब्या कुरतडता कुरतडता तिनं खालची तारही कुरतडली होती. आतून रंगीत बारक्या तारा बाहेर आल्या होत्या.

सापडलं, म्हणून कोणाला आनंद झाला असता. काकीला दरदरून घाम फुटला. आता हात लावायचा होता, आणि या तारेचा शॉक लागतो की नाही, हेच तिला आठवेना. हे तर पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं! विचारणार कोणाला? तिनं चैतरामला पंचायतीत पळवलं आणि तिकडची डबी बंद करवली, इकडची स्वतः केली. तरी पहिल्यांदा तिनं नखानं शिवून पाहिलं, डोळे मिटून.

काही झालं नाही. आता रंग. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा... आणि पुढं अंधार, रोवण्यातल्या त्या दिवसासारखाच. आठ तारा आणि पाठ फक्त चार. खालून ईश्वरदासभाऊंचा आवाज आला, "येतो म्हनते... हं... थो पोट्टा. जेवून निघतो म्हनते."

"सूनबाई," सुमित्राबाई म्हणाल्या, "काऊन थांबली?"

"रंगाचा नंबर नाही आठवत, मामी," काकी सासूला म्हणाली. असं मोठ्यानं, सगळ्यांसमोर ती पहिल्यांदाच बोलली. बोलल्यावर तिला वाटलं, आता आढं खाली येणार.

सुमित्राबाई स्टुलापाशी आल्या आणि मान वर करून पाहायला लागल्या. "कायचा नंबर? हिकडं निळा हाये, तिकडं निळा हाये. निळ्याले निळा जोड."

काकी त्या दोन टोकांकडं पाहत राहिली. नंबर लागतो तो नवा प्लग लावताना. तुटलेली तार जोडायला कसला नंबर? दोन्हीकडं तेच रंग. पांढऱ्या चारही सारख्या दिसत होत्या, पण प्रत्येक पांढरी आपापल्या रंगाच्या तारेला पीळ घालून बसली होती. जी हिरवीला बिलगलेली ती हिरवीची. इतकी वर्षं ती ज्या विसरण्याला भ्याली होती, ते इथं लागतच नव्हतं.

म्हणून भेव गेलं असं नाही. ब्लेड दोनदा बोटाला लागलं. सायकलवाल्याकडून आणलेली टेप दातानं तोडताना तिचे दात वाजत होते. सुमित्राबाईनं खालून एकेक टोक धरलं, काकीनं पीळ दिला. एक, मग दुसरी, मग सगळ्या. चैतरामनं झालर सोडून चौकटीला नेली आणि जाता जाता कुरकुरला, "खार बिचारी कुठं जाईन आता?"

दोन्ही डब्या सुरू झाल्या. कुंकवामागचा दिवा लागला नाही. काकीनं डोळे मिटले. सुमित्राबाईनं पदरानं कुंकू पुसलं आणि म्हणाल्या, "लागला ना व, हा काय."

फुली गेली होती. पोत्यावरून कोणीतरी उडी मारून पहिल्या नंबराला उभं राहिलं. ईश्वरदासभाऊ फोन कानाला लावून बाहेर गेले. "हां, येऊ नको तू. हं. झालं आमचं. नाही, नाही, आमची हाये ना... हं... मॅडम." मग आत येऊन त्यांनी खुर्चीची धूळ आपल्या रुमालानं झटकली. "हंगामाचं सोडा. पक्कंच... हं... समजा."

काकी बसली. पाय फरशीवर टेकले.

संध्याकाळी मी तिला म्हटलं, "काकी, आता तं भेव संपलं ना तुयं? मशीनही ओरडून झाली, तारही तुटून झाली. आता काय उरलं भ्यायले?"

काकी भाकरी थापत होती. "संपलं नाही व."

"संपलंच! लाव शर्त."

"लावतो," काकी म्हणाली. "उद्या सकाळी ये केंद्रावर. हरलीस तं संक्रांतीवरी माया आवाज काढाचा नाही, ईश्वरदासभाऊचाही नाही."

मला वाटलं, ही तर घरबसल्या जिंकलेली शर्त. दुसऱ्या दिवशी गेले. काकी खुर्चीत बसली होती, चपला काढून, चेहरा असा शांत की मी हसायलाच लागले. तिनं काही न बोलता माझा हात घेतला आणि आपल्या मनगटावर ठेवला. मग दुसऱ्या हातानं मशीनचं बटण दाबलं.

घरघर सुरू झाली. काकीची नाडी माझ्या बोटांखाली अशी उडत होती, जशी जाळ्यात सापडलेली मासळी. पडदा उजळेपर्यंत ती तशीच उडत होती, आणि चेहऱ्यावर काहीच नाही.

"पुढचा कोण हाये?" काकीनं दाराकडं पाहून विचारलं आणि माझा हात सोडला. मी तोंड मिटून बाहेर आले. संक्रांत अजून लांब आहे.